संशोधन फेलोशिपचा अर्ज: प्रश्न शोधण्यापासून मुलाखतीपर्यंत

मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतल्या फेलोशिपचे कच्चे मसुदे वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लिहिणाऱ्याचं वाचन दांडगं असतं, विषयावर प्रेम असतं, भाषाही बरी असते. पण सात-आठ पानं वाचून झाल्यावर ‘हा माणूस नेमकं काय शोधणार आहे?’ याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. विषय कळलेला असतो, प्रश्न कळलेला नसतो. समितीला पैसे द्यायचे असतात ते एका प्रश्नासाठी, आणि तो प्रश्न ठरलेल्या मुदतीत सोडवू शकेल अशा माणसासाठी. हा लेख बहुतांशी त्या एका गोष्टीभोवती फिरतो. कागदपत्रांची जुळवाजुळव, शिफारसपत्रं, मुलाखत हेही त्यात आहे, पण त्या गोष्टी मागाहून येतात.

अर्ज कोण वाचतो हे आधी डोळ्यांसमोर आणा. बहुतेक समित्यांत वेगवेगळ्या विद्याशाखांची माणसं बसतात. तुमचा अर्ज मध्ययुगीन भक्तिकाव्यावर असेल, तर तो वाचणाऱ्यांत एखादी अर्थशास्त्रज्ञ, एखादा पुरातत्त्वज्ञ आणि एखादे राज्यशास्त्राचे प्राध्यापक असू शकतात. प्रत्येकापुढे अर्जांचा गठ्ठा असतो आणि वाचन बहुधा स्वतःचं शिकवणं सांभाळून, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी चाललेलं असतं. विषयातला तज्ज्ञ तुमच्या बाजूनं बोलेलही, पण मत सगळ्यांचं मोजलं जातं. म्हणून विषयाबाहेरच्या, दमलेल्या पण हुशार वाचकाला पहिल्या पानावर सगळं कळलं पाहिजे.

आधी फेलोशिप ओळखा

‘फेलोशिप’ या एका नावाखाली अगदी निरनिराळ्या गोष्टी येतात, आणि एकीसाठी लिहिलेला अर्ज दुसरीला चालत नाही. पीएचडी करताना मिळणारी विद्यावेतनाची फेलोशिप प्रामुख्यानं उमेदवाराची तयारी आणि विषयाची शक्यता पाहते. क्षेत्रकार्यासाठीचं अनुदान, उदाहरणार्थ मानववंशशास्त्रातलं वेनर-ग्रेन फाउंडेशनचं, पद्धतीवर जोर देतं: कुठे जाणार, कुणाला भेटणार, का. प्रबंध पुरा करण्यासाठीची फेलोशिप असेल तर किती प्रकरणं लिहून झाली आहेत हे विचारलं जातं. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीसारख्या ग्रंथालयांच्या अल्पमुदतीच्या फेलोशिप त्यांच्याच संग्रहावर काम करण्यासाठी असतात, त्यामुळे त्या संग्रहातली नेमकी कोणती कागदपत्रं पाहायची आहेत हे सांगितलं नाही तर अर्ज तिथेच थांबतो.

निवासी फेलोशिप ही आणखी वेगळी जात. सिमल्याची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी, प्रिन्स्टनची इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडी, बर्लिनचं विसेनशाफ्ट्सकोलेग अशा ठिकाणी तुम्ही काही महिने किंवा वर्षभर इतर विद्वानांच्या सोबतीनं राहता. तिथे ‘हे काम आमच्याकडे येऊनच का करायचं?’ आणि ‘तुमच्याशी बोलून इतरांना काय मिळेल?’ हे दोन प्रश्न न विचारता विचारलेले असतात. प्रिन्स्टनच्या संस्थेतल्या सामाजिक शास्त्रांच्या विभागात दरवर्षी एखादं सूत्र जाहीर होतं. तुमचं काम त्याच्याशी खरोखर जुळत असेल तर ते सांगा, ओढूनताणून जुळवू मात्र नका. जुळवाजुळव वाचणाऱ्याला लगेच दिसते.

पात्रतेचे नियम तारखांवर अडतात. ‘पीएचडीनंतर अमुक वर्षांच्या आत’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ती वर्षं मौखिक परीक्षेपासून मोजायची, पदवीच्या अधिसूचनेपासून की पदवीदान समारंभापासून, हे संस्थेगणिक बदलतं. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपला स्थलांतराची अट आहे: अर्जाच्या अंतिम मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत ज्या देशात जाणार तिथे तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा मुख्य काम केलेलं नसावं. हे आधी न मोजता महिना-दोन महिने प्रस्तावावर घालवणारे लोक असतात. माहितीपत्रक हातात पेन्सिल घेऊन वाचा, प्रत्येक अट वहीत उतरवा, आणि समोर तुमची तारीख लिहा. शंका राहिली तर संस्थेच्या कार्यालयाला ईमेल करा. त्यांची उत्तरं लेखी येतात, ती जपून ठेवा.

गुण कसे देतात हे जाहीर असेल तर तेही टिपा. वर सांगितलेल्या युरोपीय फेलोशिपमध्ये संशोधनाच्या गुणवत्तेला ५० टक्के, परिणामाला, म्हणजे कामाच्या पुढच्या प्रभावाला, ३० टक्के आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन आहे. म्हणजे अर्धे गुण संशोधनाची कल्पना सोडून इतर गोष्टींना आहेत. आपल्याकडचे बरेच अर्जदार ‘परिणाम’ या भागात दोन गुळगुळीत परिच्छेद टाकून मोकळे होतात आणि तिथेच मागे पडतात.

या सगळ्यासाठी मुदतीच्या किमान तीन-चार महिने आधी सुरुवात करावी. यजमान संस्था, म्हणजे जिथे राहून काम करायचं ती, शोधायची असेल तर त्याहून आधी.

विषयातून प्रश्न काढणं

इथे थोडं थांबू, कारण बाकी सगळं यावर उभं राहतं. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा तुमचा विषय आहे ‘मॉरिशसमधले भारतीय करारबद्ध मजूर’. विषय मोठा आहे, महत्त्वाचा आहे, पण तो प्रश्न नाही. १८३४ पासून पुढे कित्येक दशकं माणसं तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेली गेली. त्यांच्याबद्दल तुम्हाला काय कळून घ्यायचं आहे? बहुतेक मसुद्यांत इथे उत्तर येतं, ‘त्यांच्या सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक जीवनाचा अभ्यास करणे’. हे वाक्य कुठल्याही समाजाबद्दल, कुठल्याही काळाबद्दल लिहिता येतं. त्यामुळे ते काहीच सांगत नाही.

आता जवळ जाऊ. १८६७ च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरांवर, म्हणजे ‘जुन्या स्थलांतरितां’वर, छायाचित्र असलेला पास बाळगण्याची सक्ती आली. १८७१ मध्ये अशा ९,४०१ लोकांच्या सह्यांचा एक अर्ज सरकारकडे गेला. तो तयार करण्यात अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपीय मळेवाल्याचा हात होता. पुढच्या वर्षी शाही चौकशी आयोग नेमला गेला, त्यानं मळ्यांवर जाऊन चौकशी केली, आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला. एवढी माहिती समोर ठेवली की प्रश्न आपसूक दिसू लागतो: अर्ज लिहिला एकानं, सह्या केल्या हजारोंनी. मग त्या अर्जात मजुरांचं म्हणणं किती आणि मसुदा लिहिणाऱ्याचं किती? आयोगापुढे नोंदलेल्या साक्षींत तीच गाऱ्हाणी येतात की वेगळी?

बघा, आता तुमच्याकडे काळ आहे, साधनं आहेत, तुलना आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे उत्तर दोन्हीकडे जाऊ शकतं. कदाचित अर्ज आणि साक्षी अगदी जुळतील, कदाचित मजूर पासपेक्षा थकलेल्या मजुरीबद्दल जास्त बोललेले असतील. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आजच ठाऊक आहे, ज्याला ‘हो, शोषण झालं’ यापलीकडे उत्तर असूच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न होत नाही. स्वतःच्या प्रश्नाला ही कसोटी लावा: उलट उत्तर निघालं तर तेही छापण्याजोगं असेल का? नसेल तर प्रश्न पुन्हा घडवा.

दुसरी कसोटी आहे ‘मग काय?’ ही. मॉरिशसमधल्या एका अर्जाबद्दल विषयाबाहेरच्या माणसानं का वाचावं? कारण वसाहतींच्या दप्तरांत सामान्य माणसांचा आवाज म्हणून आपण जे वाचतो, ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं. दुसऱ्याच्या हातून लिहिलेल्या कागदातून माणसाचं म्हणणं कसं ओळखायचं, हा प्रश्न इतिहासकाराला आहे, तसाच तो आजच्या शपथपत्रांवर काम करणाऱ्या समाजशास्त्रज्ञालाही आहे. एका छोट्या जागेवरून मोठ्या चर्चेपर्यंत जाणारी ही वाट प्रस्तावात दोन-तीन वाक्यांत यायला हवी. फार ताणली तर फुगवल्यासारखी वाटते.

मग पहिला परिच्छेद असा लिहिता येईल:

‘१८७१ मध्ये मॉरिशसमधल्या ९,४०१ माजी करारबद्ध मजुरांच्या सह्यांनी पासच्या कायद्याविरुद्ध एक अर्ज दाखल झाला. तो त्यांनी स्वतः लिहिलेला नव्हता. वर्षभरात नेमलेल्या चौकशी आयोगानं मात्र मळ्यांवर जाऊन साक्षी नोंदवल्या. मी हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून विचारणार आहे की गाऱ्हाणं कायद्याच्या भाषेत जाताना त्यातलं काय टिकलं, काय गळालं आणि काय नव्यानं आलं. करारबद्ध मजुरीच्या अभ्यासात हा अर्ज प्रतिकाराचा पुरावा म्हणून वारंवार येतो. तो तयार कसा झाला याकडे मी पाहणार आहे.’

पाच-सहा वाक्यांत घटना, कोडं, साधनं, पद्धत आणि आधीच्या अभ्यासाशी नातं, सगळं आलं. ‘प्राचीन काळापासून माणूस स्थलांतर करत आला आहे’ अशी सुरुवात इथे नाही. पहिलं वाक्य हे अर्जातलं सर्वांत महागडं वाक्य आहे, ते सर्वज्ञात विधानावर खर्चू नका.

‘यावर कुणी काम केलेलं नाही’

हे वाक्य अर्जातून काढून टाका. एक तर ते बहुधा खरं नसतं, आणि समितीत नेमकी ते काम केलेली व्यक्ती बसलेली असू शकते. दुसरं म्हणजे खरं असलं तरी पुरेसं नसतं. कित्येक गोष्टींवर कुणी काम केलेलं नाही, कारण करण्याजोगं त्यात काही नव्हतं.

पूर्वसंशोधनाचा आढावा हा ग्रंथसूचीचा जोडपरिच्छेद नसतो. ‘अमुक यांनी हे लिहिलं, तमुक यांनी ते लिहिलं’ अशी रांग लावण्याऐवजी अभ्यासकांना दोन-तीन गटांत पाहा: त्यांच्यात कशावरून मतभेद आहेत? दोघंही काय गृहीत धरून चालले आहेत? तुमचा प्रश्न त्या गृहीतकालाच हात घालत असेल तर तुमची जागा आपोआप ठरते. ज्यांच्याशी तुम्ही असहमत आहात त्यांचं म्हणणं न्यायानं मांडा. परीक्षक त्यांच्यापैकीच एक असू शकतो हा व्यावहारिक भाग झाला. प्रतिपक्ष कमकुवत करून मांडला की तुमचा स्वतःचा युक्तिवादही कमकुवत दिसतो, हे त्याहून मोठं कारण.

मराठी साधनांवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मराठीत झालेलं संशोधन आढाव्यात जरूर घ्या, आणि ते कोणत्या चर्चेतून आलं आहे हे बाहेरच्या वाचकाला एका वाक्यात सांगा. फक्त इंग्रजी संदर्भ दिले की अभ्यासाचा अर्धा पाया झाकला जातो. बाहेरच्या समितीला तुमचं भाषाज्ञान ही तुमची सर्वांत ठळक ताकद वाटू शकते.

पद्धती: इथे नेमकेपणा दाखवायचा

हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञ मिशेल लामों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या फेलोशिप समित्यांच्या सदस्यांशी बोलून ‘नावीन्य’ म्हणजे त्यांना काय वाटतं याचा अभ्यास केला. मानव्यविद्या आणि इतिहासाची मंडळी नव्या दृष्टिकोनाला पहिलं स्थान देत होती, साहित्य-कलेच्या अभ्यासकांना न पाहिलेल्या साधनांचंही मोल होतं, तर सामाजिक शास्त्रांतले सदस्य नव्या पद्धतीचा उल्लेख सर्वाधिक करत होते. याचा सरळ उपयोग आहे. समिती मिश्र असेल तर तुमचं काम दृष्टीनं, साधनांनी की पद्धतीनं नवं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा. वाचणारा ते स्वतः ओळखेल या भरवशावर राहू नका.

ऐतिहासिक कामात साधनं नावानिशी द्या. मॉरिशसच्या उदाहरणात ‘अभिलेखागारांना भेटी देईन’ याऐवजी असं लिहायचं: मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधल्या भारतीय स्थलांतरितांच्या नोंदवह्या, लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमधली ‘सीओ १६७’ ही मॉरिशसच्या पत्रव्यवहाराची मालिका, आणि १८७५ चा छापील अहवाल. कोणत्या वर्षांचे खंड, कोणत्या भाषेत, छायाचित्रणाला परवानगी आहे का, हेही. सूची आधी पाहिली आहे हे यातून दिसतं, आणि सूची पाहिलेल्या माणसावर विश्वास बसतो.

सामाजिक शास्त्रांत हीच गोष्ट मुलाखतींबाबत. ‘अ‍ॅपवर काम करणाऱ्या डिलिव्हरी कामगारांच्या ४० सखोल मुलाखती घेईन’ हे वाक्य परीक्षकाच्या मनात लगेच चार शंका उभ्या करतं. चाळीसच का? ते कसे निवडणार? दिवसभर रस्त्यावर असणारी माणसं तासभर कधी आणि कुठे बोलणार? कंपनीला कळलं तर त्यांचं खातं बंद होईल का? चांगला मसुदा या शंका येण्याआधीच निवारतो. कामगार कामाची वाट पाहत थांबतात त्या जागांवर निरीक्षण, ओळखीतून ओळख असं नमुन्याचं जाळं, पण एकाच मित्रमंडळापुरतं राहू नये म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरुवात, पूर्णवेळ आणि अर्धवेळ काम करणाऱ्यांची तुलना. आकडा का निवडला त्याचं कारण आकड्यापेक्षा जास्त बोलतं.

नैतिकतेचा भाग शेवटी चिकटवलेला नसावा. माहितीपूर्ण संमती कशी घेणार, लिहिता न येणाऱ्यांची संमती कशी नोंदवणार, ध्वनिमुद्रणं कुठे ठेवणार, नावं कधी बदलणार, ती फाइल कोण पाहू शकेल. ज्यांच्याबद्दल आपण लिहितो त्यांना आपल्या लिखाणानं धक्का लागू शकतो, ही जाणीव अर्जातून जाणवली पाहिजे, कारण ती जाणीव नसलेलं संशोधन होऊच नये असं मला मनापासून वाटतं. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी लागत असेल तर त्याचा वेळही वेळापत्रकात धरा.

वेळापत्रक आणि अडचणी

बारा महिन्यांच्या फेलोशिपमध्ये बारा महिने काम होत नाही. व्हिसा, घर, ग्रंथालयाचं ओळखपत्र, सणासुदीच्या सुट्ट्या, प्रकृती. वेळापत्रक तिमाहीनं मांडा आणि प्रत्येक तिमाहीच्या शेवटी हातात काय असेल ते लिहा: वाचलेली दप्तरं, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेल्या मुलाखती, एका प्रकरणाचा मसुदा. ‘वाचन व चिंतन’ अशी तिमाही नसावी. एका वर्षात अख्खं पुस्तक लिहीन असं वचन देणाऱ्यापेक्षा दोन प्रकरणं आणि एक लेख म्हणणारा उमेदवार जास्त भरवशाचा वाटतो.

अडचणीला पर्याय ठेवा आणि तो लिहून दाखवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिची ऑनलाइन सूची, मागणीची व्यवस्था आणि डिजिटल हस्तलिखितं महिनोन्‌महिने बंद किंवा अर्धवट राहिली. २०२० मध्ये तर जगभरची अभिलेखागारं एकदमच बंद झाली. ज्यांचं सगळं काम एकाच खोलीतल्या एकाच कपाटावर अवलंबून होतं, त्यांचं वर्ष गेलं. म्हणून छापील अहवाल, दुसऱ्या देशातली प्रत, सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म), आधीच डिजिटाइझ झालेला भाग असा पर्याय दोन ओळींत द्यावा. मोका बंद असेल तर क्यूमधून काय करता येईल, हे ठरवून ठेवलेलं असावं.

अंदाजपत्रक मागितलं असेल तर ते कथनाशी जुळवा. प्रस्तावात तीन अभिलेखागारं आणि खर्चात एकाच प्रवासाचं तिकीट, असं झालं की दोन्हींवरचा विश्वास जातो. लिप्यंतर, अनुवाद, प्रतिमांचं शुल्क हे खर्च लोक हमखास विसरतात.

लिहिणं आणि पुन्हा लिहिणं

अर्ज इंग्रजीत करायचा असेल आणि तुम्ही विचार मराठीत करत असाल, तर युक्तिवाद आधी मराठीत मांडा. कागदावर नाही तर निदान तोंडी, एखाद्या मित्राला समजावून सांगत. मग तो मराठी मसुदा बाजूला ठेवून इंग्रजीत नव्यानं लिहा. थेट इंग्रजीत लिहिताना आपण सिद्धान्तांचे तयार शब्दप्रयोग उचलतो आणि त्यांच्याआड आपलं म्हणणं हरवतं. सिद्धान्ताचा मोठा शब्द वापरायचाच असेल तर त्यानं तुमच्या साधनांत काय दिसेल, जे एरवी दिसलं नसतं, ते लगेच सांगा. सांगता येत नसेल तर शब्द काढा.

मसुदा तीन माणसांना द्या: एक विषयातला, एक शेजारच्या विषयातला, एक अगदी बाहेरचा. बाहेरच्याला एवढंच विचारा, ‘मी काय शोधणार आहे ते तुझ्या शब्दांत सांग’. त्याचं उत्तर तुमच्या प्रश्नाशी जुळलं नाही तर दोष मसुद्याचा आहे, वाचणाऱ्याचा नाही. त्याला समजावत बसू नका, परिच्छेद बदला.

एआय साधनांबाबत बऱ्याच संस्थांनी स्वतःचे नियम केले आहेत, काही ठिकाणी वापर जाहीर करावा लागतो. ते वाचा. आणि अशा साधनानं सुचवलेला एकही संदर्भ मूळ पुस्तक किंवा लेख उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. अस्तित्वात नसलेलं पुस्तक यादीत सापडलं तर अर्ज संपतो, आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

शिफारसपत्रं आणि यजमान

मोठ्या नावाचं गुळमुळीत पत्र आणि कमी नावाच्या पण तुमचं काम जवळून पाहिलेल्या व्यक्तीचं तपशीलवार पत्र, यांत दुसरंच घ्यावं. ‘विद्यार्थी मेहनती व नम्र आहे’ असं पत्र नुकसान करतं, कारण त्यापलीकडे सांगण्याजोगं काही नव्हतं असा अर्थ निघतो. लिहिणाऱ्याला तपशील तुम्हीच पुरवायचे असतात. पाच-सहा आठवडे आधी असं काहीतरी पाठवावं:

‘नमस्कार मॅडम, मी अमुक फेलोशिपसाठी अर्ज करतो आहे. पत्राची मुदत १५ नोव्हेंबर आहे आणि ते पोर्टलवरच्या दुव्यावरून द्यायचं आहे, दुवा तुम्हाला त्यांच्याकडून येईल. सोबत प्रस्तावाचा मसुदा, सीव्ही आणि माहितीपत्रक जोडलं आहे. समिती अभिलेखीय कामाचा अनुभव पाहते. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या वेळी मी मोडी दप्तरांवर केलेलं काम तुम्ही पाहिलं आहे, त्याबद्दल लिहिता आलं तर उपयोग होईल. या महिन्यात वेळ नसेल तर निःसंकोच सांगा, मी दुसरी व्यवस्था करेन.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नाही म्हणायची वाट मोकळी ठेवली की होकार खरा असतो. मुदतीच्या दहा दिवस आधी एक आठवण, दोन दिवस आधी दुसरी. यात संकोच नको, व्यग्र माणसांना आठवण हवीच असते. निकाल काही लागला तरी कळवा आणि आभार माना.

जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनसारख्या ठिकाणी आधी यजमान प्राध्यापकाची लेखी तयारी लागते. अनोळखी प्राध्यापकाला पहिला ईमेल दहा-बारा ओळींचा असावा: तुम्ही कोण, प्रश्न काय, त्यांच्या कोणत्या कामाशी तो कसा भिडतो, कोणती फेलोशिप, मुदत कधी. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला असला तर तो वाचताना कळतो. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा विनम्रपणे पुन्हा लिहा, मग पुढच्या नावाकडे वळा.

सीव्ही, लेखननमुना, पोर्टल

हे भराभर. सीव्हीत प्रकाशनं वर, नवीन आधी, आणि ‘प्रकाशित’, ‘स्वीकृत’, ‘परीक्षणाधीन’ हे प्रामाणिकपणे वेगळं लिहा. चर्चासत्रांची लांबलचक यादी कापा. वर्णनात्मक सीव्ही मागितला असेल तर यादी न देता तुमच्या कामानं काय घडलं ते सांगायचं असतं, म्हणून त्यासाठी वेगळा वेळ ठेवा. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, नसेल तर काढून घ्या, तो मोफत मिळतो. लेखननमुना मागितला तर सर्वांत ताजा नको, सर्वांत चांगला द्या. तो तुमच्या प्रस्तावित कामाच्या जवळचा असेल तर उत्तमच.

पोर्टलवर शब्दमर्यादा कधी शब्दांत असते, कधी अक्षरांत. देवनागरी मजकूर चिकटवला की काही पोर्टलवर जोडाक्षरं फुटतात, पीडीएफमध्ये टंक बदलतो. अपलोड केलेली फाइल पुन्हा उतरवून उघडून पाहा. ना-हरकत प्रमाणपत्र, पदवी, जातप्रमाणपत्र, संस्थेच्या शिक्क्याचं पत्र यांतलं जे लागणार असेल ते पहिल्याच आठवड्यात मागायला सुरुवात करा, कारण कार्यालयांचा वेग तुमच्या हातात नसतो. मुदतीची वेळ कोणत्या देशाच्या घड्याळानं आहे ते पाहा आणि दोन दिवस आधीच अर्ज भरून टाका. पोचपावती जपा.

मुलाखत

मुलाखतीला बोलावलं म्हणजे कागद पास झाला आहे. आता त्यांना पाहायचं असतं की तुम्ही स्वतःच्या कामाबद्दल विचार करू शकता का. पहिला प्रश्न बहुधा ‘तुमच्या प्रकल्पाबद्दल थोडक्यात सांगा’ असतो आणि तिथेच बरेच जण पंधरा मिनिटं बोलतात. दोन मिनिटांचं निवेदन तयार ठेवा, प्रश्नापासून सुरू होणारं, आणि मोठ्यानं म्हणून पाहा.

पुढचे प्रश्न साधारण याच वळणाचे येतात. प्रबंधापेक्षा हे वेगळं कसं? तुमचं गृहीतक चुकलं तर? हे काम आमच्याच संस्थेत का? साधनं मिळाली नाहीत तर? विषयाबाहेरचा सदस्य कधीकधी अगदी प्राथमिक वाटणारा प्रश्न विचारतो, ‘पण मजुरांच्या सह्या होत्या ना, मग तो त्यांचाच अर्ज नाही का?’ हा प्रश्न हलका समजू नका. तुमच्या संशोधनाचा गाभा त्यातच आहे, आणि त्याला शांतपणे, एका ठोस दस्तऐवजाचं उदाहरण देऊन उत्तर दिलं की सगळी समिती तुमच्याकडे वळते. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणा आणि ते कसं शोधाल हे जोडा.

नकार आला तर

चांगल्या अर्जांनाही नकार येतो, आणि त्यात निव्वळ योगायोगाचा वाटा असतो हे आता संस्थाही मान्य करतात. जर्मनीच्या फोक्सवागेन फाउंडेशननं २०१७ मध्ये आणि ब्रिटिश अ‍ॅकॅडमीनं २०२२ मध्ये, गुणवत्तेची पातळी गाठलेल्या अर्जांतून काही निवड चिठ्ठ्या टाकून करण्याचा प्रयोग सुरू केला, कारण वरच्या फळीतल्या अर्जांत बारीक फरक करणं परीक्षकांनाही खात्रीनं जमत नाही. तेव्हा एका नकारावरून विषय सोडू नका.

अभिप्राय मिळत असेल तर जरूर मागा. तो वाचून तीन-चार दिवस काही करू नका. मग दोन रंगांच्या पेनांनी खुणा करा: जिथे परीक्षकाला समजलं नाही ते एका रंगात, जिथे त्याला पटलं नाही ते दुसऱ्या. न समजलेलं सगळं बदलायचं, कारण तिथे लेखन अपुरं पडलं आहे. न पटलेल्यातलं काही बदलायचं आणि काही ठामपणे तसंच ठेवायचं, पण आता त्याची बाजू प्रस्तावातच मांडायची. दोन परीक्षकांनी परस्परविरुद्ध गोष्टी सांगितल्या असतील तर बहुधा त्या परिच्छेदात तुमचं म्हणणं दोन अर्थांनी वाचता येतं. तोच आधी हातात घ्या. पुन्हा अर्ज करण्यावर संस्थेची काही बंधनं आहेत का ते पाहा, पुढच्या मुदतीची तारीख वहीत लिहा, आणि शिफारसपत्र देणाऱ्यांना सुधारलेला मसुदा पाठवा, म्हणजे त्यांचं पत्रही गेल्या वर्षीचं राहणार नाही.